व्हिडिओ लॅरिंगोस्कोप: कुठला, कधी आणि कसा वापरायचा (नवीन भूल रेसिडेंटसाठी)

ओटीत नवीन आलात की ट्रॉलीवर दोन-तीन तऱ्हेचे व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (श्वासनलिकेत ट्यूब घालताना घशाची आतली बाजू कॅमेऱ्यातून दाखवणारे) दिसतात, एकाला स्टँडवर मोठा स्क्रीन, एकाचा स्क्रीन हँडललाच चिकटलेला, एकाच्या ब्लेडला बाजूला ट्यूब बसवायची खाच, आणि मग सगळे विचारतात की ह्यातला भारी कुठला. कंपनीच्या नावावरून उत्तर शोधत बसू नका, ब्लेडचा आकार बघा. आकाराने तीनच घराणी आहेत आणि प्रत्येकात ट्यूब घालायची रीत वेगळी आहे. एका घराण्याची रीत दुसऱ्याला लावली की काय होतं, तर स्क्रीनवर व्होकल कॉर्ड मस्त पूर्ण दिसत असतात आणि ट्यूब काही केल्या आत जात नाही, आणि मागून सिनिअर ओरडत असतात की एवढा व्ह्यू आहे तरी काय करतोयस.

हे वाचून एकट्याने पेशंटवर प्रयोग करू नका हे सांगायला नकोच. आधी मॅनिकिन, मग सिनिअर शेजारी उभे असताना नॉर्मल एअरवे, आणि बऱ्याच नंतर डिफिकल्ट.

आधी तीन घराणी ओळखा

पहिलं घराणं मॅकिंटॉश आकाराचं. रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी १९४३ मध्ये जो वळणाचा ब्लेड आणला तोच आकार, फक्त टोकाजवळ कॅमेरा आणि लाइट. कार्ल स्टॉर्झचा सी-मॅक २, ३, ४ नंबरच्या ब्लेडचा, किंवा मॅकग्राथ मॅक, हे ह्यात येतात. ह्यांचा सगळ्यात मोठा फायदा हा की तुम्ही तोंडात डायरेक्ट बघू शकता आणि स्क्रीनवरही बघू शकता. शिकायला ह्याच्यासारखं काही नाही, कारण तुम्ही डायरेक्ट बघून ट्यूब घाला आणि सिनिअर स्क्रीनवर बघत सांगतील की एपिग्लॉटिस (श्वासनलिकेवरची झडप) उचलली गेली नाहीये, टोक अजून व्हॅलेक्युलात, म्हणजे जीभ आणि झडपेमधल्या खोबणीत, नेऊन टेकव. कॅमेऱ्यावर रक्त आलं तरी डायरेक्ट बघायचा रस्ता उघडा राहतो, हा फायदा बाकीच्या दोघांत नाही.

दुसरं घराणं हायपरअँग्युलेटेड, म्हणजे जास्त वाकलेला ब्लेड. ग्लाइडस्कोप हा ह्यातला जुना, जॉन पेसी नावाच्या कॅनडातल्या सर्जनने काढलेला, २००१ च्या सुमारास बाजारात आला, वळण साधारण ६० अंशाचं. सी-मॅकचा डी-ब्लेड, मॅकग्राथचा एक्स ब्लेड, किंग व्हिजनचा खाच नसलेला ब्लेड हे सगळे ह्याच जातीचे. पुढे सरकलेला लॅरिंक्स (स्वरयंत्र), मान न हलणारी, सर्व्हायकल कॉलर लावलेली, अशा ठिकाणी हे दिसायला जबरदस्त. पण डायरेक्ट काहीच दिसत नाही, सगळं स्क्रीनवर. घाटातल्या वळणावर लावलेला गोल आरसा आठवा, पलीकडचं दिसतं पण गाडी आपल्यालाच वळवून न्यावी लागते. ती गाडी वळवायचं साधन म्हणजे स्टायलेट, ट्यूबच्या आत घालायची वाकवता येणारी तार, त्याबद्दल पुढे सविस्तर बोलू कारण नवीन पोरं अडकतात ती इथेच.

तिसरं घराणं चॅनल असलेलं. ब्लेडलाच खाच असते, ट्यूब आधीच त्यात बसवायची. एअरट्रॅक, किंग व्हिजनचा चॅनल ब्लेड, पेन्टॅक्स एडब्ल्यूएस. एअरट्रॅक तसा मूळचा ऑप्टिकल आहे, भिंग-प्रिझमवर चालतो, डोळा लावून बघायचं, कॅमेरा वरून वेगळा जोडता येतो, पण वापरायची रीत तीच म्हणून इथेच धरू. ह्यात स्टायलेट लागत नाही, पण ब्लेड जाड असतो, आणि ट्यूब खाच नेईल तिथेच जाते, त्यामुळे ट्यूब सरकवण्यापेक्षा अख्खा स्कोप हलवून निशाणा धरावा लागतो.

अभ्यास काय सांगतात

२०२२ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये २२२ अभ्यास आणि २६,१४९ पेशंट होते, आणि तिन्ही घराण्यांमध्ये साध्या डायरेक्ट लॅरिंगोस्कोपीपेक्षा फेल्युअर कमी निघालं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचा अभ्यास आला, हार्ट, छाती आणि रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनचे पेशंट, ८,४२९ प्रोसिजर, एका बाजूला हायपरअँग्युलेटेड व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला डायरेक्ट. एकापेक्षा जास्त अटेम्प्ट लागले ते व्हिडिओत १.७ टक्के आणि डायरेक्टमध्ये ७.६ टक्के. आयसीयू आणि कॅज्युअल्टीतल्या सिरियस पेशंटवर २०२३ मध्ये डिव्हाइस नावाची ट्रायल झाली, १,४१७ पेशंट, पहिल्याच अटेम्प्टला ट्यूब गेली ती व्हिडिओत ८५.१ टक्के, डायरेक्टमध्ये ७०.८ टक्के.

एवढं वाचून वाटेल की मग संपलं, सगळ्यांना व्हिडिओच. माझंही मत आता बऱ्यापैकी तिकडेच झुकलंय, हाताशी असेल तर पहिला अटेम्प्ट व्हिडिओनेच करा. पण २०१७ ची फ्रान्समधली मॅकमॅन ट्रायलही वाचा, आयसीयूतले ३७१ पेशंट, मॅकग्राथ मॅक वापरून पहिल्या अटेम्प्टचं यश काही वाढलं नाही, व्हिडिओत ६७.७ आणि डायरेक्टमध्ये ७०.३ टक्के. व्ह्यू चांगला मिळत होता, तरीही. ट्यूब घालणाऱ्याचा अनुभव, स्टायलेट वापरलं का, पेशंट कसले, ह्यावर आकडे फिरतात, म्हणून आकड्यांपेक्षा रीत जास्त महत्त्वाची.

स्टेप १: पेशंटचं तोंड उघडून बघा, मग स्कोप ठरवा

मॅलमपाटी (तोंड उघडल्यावर घसा किती दिसतो त्याची ग्रेड), हनुवटी ते थायरॉइडचं अंतर, मान मागे किती जाते, दात हलतात का, हे सगळं तुम्ही फॉर्ममध्ये भरताच. पण व्हिडिओ लॅरिंगोस्कोप निवडताना सगळ्यात आधी बघायचं ते तोंड किती उघडतं, कारण कॅमेरा कितीही चांगला असला तरी ब्लेड दातांमधून आत गेला पाहिजे.

आणि आपल्याकडे ही अडचण रोजची आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तरी सबम्युकस फायब्रोसिसचे (सुपारीने तोंडाचं आतलं अस्तर आखडलेले) पेशंट येतच असतात, विदर्भात तर खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणारे तरुण पोरगे, हर्नियाला किंवा अपेंडिक्सला आलेले, वय पंचवीस, बाकी एकदम फिट, आणि तोंड जेमतेम दीड बोट उघडतंय. हे पेशंट स्वतःहून सांगत नाहीत. "काही खाता का?" असं विचारलं तर नाही म्हणतात, "तिखट खाल्लं की आग होते का, मोठा घास घेता येतो का" असं विचारा, लगेच कळतं. गालावर आतून बोट फिरवून बघा, पट्टे लागतात.

आता हिशेब. मॅकग्राथ मॅकच्या ब्लेडची जाडी साधारण १२ मिमी. किंग व्हिजनच्या साध्या ब्लेडला कमीत कमी १३ मिमी तोंड उघडायला हवं आणि चॅनल ब्लेडला १८ मिमी. एअरट्रॅक रेग्युलरलाही १८ मिमीच्या आसपास. आणि हे आकडे फक्त ब्लेड आत जाण्याचे आहेत, चॅनल नसलेल्या ब्लेडच्या बाजूने ट्यूब जायची जागा वेगळी धरा. म्हणजे तोंड दोन बोटं उघडत असेल तर चॅनल वाला विसरा, पातळ ब्लेडचा विचार करा, आणि दीड बोटाच्या खाली गेलं तर व्हिडिओ लॅरिंगोस्कोपचा हट्ट सोडा, नाकातून फायबरऑप्टिक (लवचिक दुर्बीण), पेशंट जागा ठेवून, आणि सिनिअरला आधीच बोलवा. फायब्रोसिसमध्ये रिलॅक्संट दिला की तोंड उघडेल ह्या आशेवर राहू नका, ते दुखण्यामुळे बंद नसतं, आतून आखडलेलं असतं.

दुसरी धोक्याची खूण म्हणजे मान. रेडिएशन झालेली, ऑपरेशनचा व्रण असलेली, गाठ असलेली मान. ग्लाइडस्कोपच्या २,००४ केसेसचा एक अभ्यास २०११ मध्ये आला होता, एकूण यश ९७ टक्के, आणि जिथे फेल झालं तिथे सगळ्यात मोठं कारण मानेची बिघडलेली रचना हेच निघालं. ओरल कॅन्सरच्या पेशंटमध्ये तर तोंड आणि मान दोन्ही बिघडलेलं असतं, तिथे "व्हिडिओ आहे ना, होईल" हे वाक्य बोलायचं नाही.

स्टेप २: पेशंट टेबलवर यायच्या आधी

स्कोप चालू करून बघा. बॅटरी किती आहे बघा. मॅकग्राथवर राहिलेली मिनिटं सरळ आकड्यात दिसतात, नवीन बॅटरी २५० पासून खाली उतरत जाते, आणि ती चार्ज होत नाही, बदलावीच लागते. इंडक्शनच्या (भूल द्यायच्या) आधीच लाइट चालू करून ठेवला की कॅमेऱ्याजवळची काच गरम होते आणि धुकं धरत नाही, एअरट्रॅकला तर निदान अर्धा मिनिट द्याच.

स्टँडवाला स्क्रीन असेल तर तो तुमच्या समोर, पेशंटच्या छातीच्या लेव्हलला लावून घ्या. मान वळवून बघावं लागलं की हात पण वळतो, खरंच वळतो, बघा करून.

सक्शन चालू आणि उशीजवळ. रक्त किंवा लाळ असेल तर व्हिडिओवाले सगळे आंधळे होतात, आधी सक्शन मग ब्लेड.

आता ट्यूबची तयारी, ही घराण्याप्रमाणे बदलते:

मॅकिंटॉश आकार असेल तर स्टायलेट सरळ ठेवून फक्त शेवटाला हॉकी स्टिकसारखा थोडा बाक द्या, किंवा बुजी (जिच्यावरून ट्यूब सरकवतात ती लांब लवचिक काडी) हाताशी ठेवा.

हायपरअँग्युलेटेड असेल तर स्टायलेट पाहिजेच, आणि त्याचा बाक ब्लेडच्या बाकाशी जुळला पाहिजे. ग्लाइडस्कोपबरोबर त्यांचं कडक स्टायलेट येतं, नसेल तर साधं स्टायलेट ब्लेडच्या कडेला धरून तसंच वाकवा. जेली भरपूर लावा नाहीतर ऐनवेळी स्टायलेट ट्यूबमधून निघत नाही. साधी बुजी इथे भरवशाची नाही, तेवढा बाक ती धरून ठेवत नाही.

चॅनल असेल तर ट्यूबला जेली लावून खाचेत बसवा, टोक खाचेच्या बाहेर डोकावता कामा नये नाहीतर कॅमेऱ्यासमोर येतं. ट्यूबचा साइज ब्लेडला चालतो का बघा, एअरट्रॅक रेग्युलर ७ ते ८.५ नंबरची ट्यूब घेतो, स्मॉल ६ ते ७.५.

प्रीऑक्सिजनेशन पूर्ण, नाकातून कॅन्युलाने ऑक्सिजन चालू. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या गाइडलाइनमध्ये नाकातून मिनिटाला १५ लिटर सांगितलंय, आणि हे व्हिडिओ वापरताना मुद्दाम लक्षात ठेवा कारण व्ह्यू छान असल्यामुळे वेळेचं भान राहत नाही, "आत्ता जाईल, आत्ता जाईल" करत मिनिट निघून जातं.

स्टेप ३: ब्लेड आत

मॅकिंटॉश आकार उजव्या कोपऱ्यातून घालायचा, जीभ डावीकडे सारायची, नेहमीसारखंच. मान स्निफिंग पोझिशनमध्ये, म्हणजे मान पुढे आणि डोकं मागे. वजनदार पेशंट असेल तर खांद्याखाली रॅम्प करा, कानाचं भोक आणि छातीचं हाड एका रेषेत.

हायपरअँग्युलेटेड आणि चॅनल, दोन्ही मधोमध घालायचे, जीभ सारायची नाही. जिभेच्या वळणावरून घसरवत न्या. ब्लेडचं टोक जिभेमागे जाईपर्यंत नजर तोंडातच, मग स्क्रीनवर. छाती मोठी असेल तर हँडल छातीला अडतं, तेव्हा हँडल आडवं करून घाला आणि आत गेल्यावर सरळ करा.

जोर लावायचा नाही. डायरेक्ट लॅरिंगोस्कोपी शिकून आलेले हायपरअँग्युलेटेडला पण तशीच ताकद लावून उचलतात. इथे थोडंसं वर तोलून धरलं की बास.

स्टेप ४: व्ह्यू, आणि इथे थोडं उलटं वागा

हायपरअँग्युलेटेडमध्ये पूर्ण ग्लॉटिस (व्होकल कॉर्डमधलं भोक), स्क्रीन भरून, हा व्ह्यू आला की सगळे खूश होतात. मी म्हणेन ब्लेड थोडा मागे घ्या. ग्लॉटिस स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागात आणि जरा लांब दिसू दे, अर्धीच दिसली तरी चालेल. कारण ब्लेड जितका आत आणि लॅरिंक्स जितका वर उचललेला, तितका ट्यूबला शेवटचा चढ उभा पडतो, आणि ट्यूब वळवायला स्क्रीनवर जागाही उरत नाही. कॉर्मॅक-लेहान ग्रेड १, म्हणजे पूर्ण ग्लॉटिसचा व्ह्यू, मिळवायच्या नादात ट्यूब न जाणं, हे नवीन लोकांमध्ये मी सगळ्यात जास्त बघतो.

मॅकिंटॉश आकारात हा प्रकार कमी, तिथे जेवढं चांगलं दिसेल तेवढं चांगलं. चॅनलमध्ये ग्लॉटिस स्क्रीनच्या मधोमध आणायची, एक मिमी पण इकडेतिकडे नको.

स्टेप ५: ट्यूब

हे चार वेळा वाचा. ट्यूब तोंडात घालताना नजर तोंडात. स्क्रीनवर नाही, तोंडात. ट्यूबचं टोक ब्लेडच्या कडेने आत गेलेलं डोळ्यांनी बघायचं, आणि ते दिसेनासं व्हायला लागलं की मग स्क्रीनकडे बघायचं. क्रम लक्षात ठेवा: ब्लेड घालताना तोंड, व्ह्यू घेताना स्क्रीन, ट्यूब घालताना तोंड, ट्यूब कॉर्डमधून नेताना स्क्रीन. दात आणि स्क्रीनवर दिसणारा भाग ह्यांच्यामध्ये एक आंधळी जागा असते, कॅमेरा टोकाजवळ असल्यामुळे तिथलं काहीच दिसत नाही, आणि कडक स्टायलेट घातलेली ट्यूब तिथे सॉफ्ट पॅलेट किंवा टॉन्सिलजवळच्या पडद्यातून आरपार गेल्याचे रिपोर्ट आहेत. पेशंट अपेंडिक्सला आलेला आणि घशाला टाके घेऊन घरी गेलेला, हे टाळता येण्यासारखं आहे.

टोक ग्लॉटिसच्या तोंडाशी आलं की थांबा. असिस्टंटला सांगून, किंवा स्वतःच्या अंगठ्याने, स्टायलेट चार-पाच सेंटीमीटर मागे घ्या, ट्यूब तिथेच धरून ठेवा, आणि मग ट्यूब पुढे सरकवा. स्टायलेट तसंच ठेवून ढकललं की टोक श्वासनलिकेच्या पुढच्या भिंतीवर जाऊन आदळतं, कारण बाक वरच्या दिशेला आहे आणि श्वासनलिका मागे खाली जाते. अडकलंच तर ट्यूब घड्याळाच्या काट्याच्या दिशेने नव्वद अंश फिरवा, बहुतेक वेळा सुटते. बुजीवरून ट्यूब सरकवताना मात्र ती उजव्या अ‍ॅरिटेनॉइडला (ग्लॉटिसच्या मागच्या कडेचं छोटं कूर्चा) अडते आणि तिथे उलट, काट्याच्या विरुद्ध दिशेने फिरवायची, दोघांची गल्लत करू नका.

चॅनलवाल्यात ट्यूब उजव्या अ‍ॅरिटेनॉइडवर जाऊन बसते, ही त्याची नेहमीची खोड. पुन्हा पुन्हा ढकलून उपयोग नाही. ट्यूब मागे घ्या, अख्खा स्कोप किंचित मागे आणि डावीकडे न्या, ग्लॉटिस परत मधे आणा. तरी नाहीच तर ट्यूबमधून बुजी घालून ती आधी कॉर्डमधून न्या.

स्टेप ६: गेली का नक्की?

"स्क्रीनवर जाताना दिसली" हा पुरावा पुरेसा नाही. कॅप्नोग्राफ, म्हणजे बाहेर येणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा ग्राफ, बघा. पुमा नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०२२ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे, निदान ७ श्वास सलग कार्बन डायऑक्साइडचा ग्राफ टिकला पाहिजे, आणि उंची बेसलाइनपेक्षा ७.५ मिमी पारा (mmHg) तरी जास्त. ग्राफ टिकत नसेल तर ट्यूब अन्ननलिकेत आहे असं धरून चालायचं, कुणी कितीही "मी बघितली जाताना" म्हणू दे. व्हिडिओचा इथला खरा उपयोग असा, की शंका आली तर ब्लेड परत घालून सिस्टर, टेक्निशियन, सर्जन सगळ्यांना एकाच वेळी दाखवता येतं.

नाहीच जात असेल तर

जास्तीत जास्त तीन अटेम्प्ट, आणि प्रत्येक वेळी काहीतरी बदला: ब्लेडचं घराणं, पोझिशन, स्टायलेटचा बाक, ट्यूब घालणारा माणूस. तेच तसंच पुन्हा करणं म्हणजे सूज आणि रक्त वाढवणं. मधे मास्कने व्हेंटिलेट करा, सॅच्युरेशन ९५ च्या खाली जायला लागलं की ब्लेड बाहेर. त्यानंतर एलएमएसारखं सुप्राग्लॉटिक (ग्लॉटिसच्या वर बसणारं, ट्यूबशिवाय श्वास देणारं साधन), पेशंटला उठवणं, आणि काहीच जमत नसेल, ऑक्सिजन पण जात नसेल, तर गळ्यातून स्कॅल्पेल आणि बुजी. हा प्लॅन इंडक्शनच्या आधी मोठ्याने बोलून ठेवा, सर्जनलाही ऐकू जाईल असा.

शिकायचं कुठल्या क्रमाने

आधी मॅकिंटॉश आकाराचा, स्क्रीन दुसऱ्याकडे वळवून, स्वतः डायरेक्ट बघत. मग तोच स्क्रीनवर बघत. मग हायपरअँग्युलेटेड, सोप्या एअरवेवर, स्टायलेटची सवय होईपर्यंत. डिफिकल्ट पेशंटवर पहिल्यांदा डी-ब्लेड हातात घेणं ही सगळ्यात वाईट वेळ. चॅनलवाला तुमच्याकडे असेल तर शिका, नसेल तर अडून राहण्यासारखं काही नाही.

डायरेक्ट लॅरिंगोस्कोपी सोडू नका. उद्या बाँडवर (सक्तीच्या सरकारी सेवेवर) कुठल्या ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्ह्याला पोस्टिंग लागलं आणि रात्री सिझेरियन आलं तर तिथे मिळेल तो साधा हँडल आणि ३ नंबरचा ब्लेड, तोही लाइट मिणमिणता.

घेताना आणि सांभाळताना

डिपार्टमेंटला नवीन घ्यायचा असेल आणि तुम्हाला डेमोला बसवलं तर स्क्रीन किती एचडी आहे ह्यात अडकू नका. विचारायचं ते हे: दोन्ही आकाराचे ब्लेड मिळतात का, लहान मुलांचे मिळतात का, ब्लेडची जाडी किती, हात हलवला की चित्र मागून येतं का, बॅटरी किती वेळ आणि कुठे मिळते, सर्व्हिसला इंजिनिअर किती दिवसांत येतो. स्वस्तातले बरेच स्कोप आता आलेत आणि काही खरंच कामाचे आहेत, पण त्यांचा ब्लेड जाड असतो का ते स्वतः पट्टीने मोजा. डिस्पोजेबल ब्लेडवाल्याचा खर्च पेशंटमागे धरून हिशेब करा, नाहीतर सहा महिन्यांनी तेच एकदा वापरायचे ब्लेड धुऊन पुन्हा लावायला सुरुवात होते. त्यांच्या प्लॅस्टिकला चिरा जातात, कॅमेऱ्यासमोरची खिडकी धूसर होते आणि इन्फेक्शनचा धोका वेगळाच.

पुन्हा वापरायच्या ब्लेडला केस संपल्याबरोबर धुवायचं, रक्त वाळलं की कॅमेऱ्याच्या कडेतून निघत नाही. आधी साबणाचं पाणी आणि ब्रश, मग हाय लेव्हल डिसइन्फेक्शन, कंपनीच्या पुस्तिकेत चालतं म्हटलेल्या केमिकलमध्ये आणि तेवढाच वेळ, मग पाण्याने नीट खळखळून. सॉकेट आणि केबलच्या टोकाला टोपी लावल्याशिवाय बुडवायचं नाही. हे काम शेवटी मामा किंवा मावशीच करणार आहेत, त्यांना एकदा नीट करून दाखवा आणि ट्रॉलीवर मराठीत लिहून चिकटवा, की काय बुडवायचं आणि काय फक्त पुसायचं.